गावकुसाची भिंत

संतसज्जनहो, गेल्या कार्तिकात आमगाव तालुक्यातल्या एका गावी सप्ताह होता. काल्याच्या आदल्या रात्री कीर्तन आटोपले, चहा आला आणि मंडळी मंडपातच बसली. शाळेत शिकवणाऱ्या एका तरुणाने प्रश्न टाकला, "महाराज, देशापुढचे सर्वांत मोठे संकट कोणते? गरिबी, गुन्हेगारी, की आपण सुरक्षित आहोत ही खोटी निश्चिंती?"

बहुतेकांनी गरिबी म्हटले. एक जुने पोलीस पाटील होते, ते गुन्हेगारी म्हणाले. तिसऱ्या गोष्टीकडे कोणी वळलेच नाही. शेवटी त्या दिवशीचे कीर्तनकार, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आणि गोड गळ्याचे, म्हणाले, "माउली, ज्याच्या गळ्यात माळ आणि मुखात नाम, त्याला यातले एकही संकट नाही. बाकीच्यांचे बाकीचे पाहतील." मंडपात गजर झाला आणि प्रश्न तिथेच संपला.

मी तेव्हा गप्प बसलो. परक्या मंडपात कीर्तनकाराला खोडून काढू नये, अशी आमची शिकवण आहे. पण ते उत्तर मला खोटे वाटले आणि आजही वाटते. असे उत्तर मी स्वतः चाळीस वर्षे दिले आहे, म्हणून ते खोडण्याचा अधिकार मला थोडा जास्त आहे, असे समजून हे लिहितो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो हलका नाही. गरिबी हेच पहिले संकट, असे म्हणणाऱ्याला मी मान देतो. आपल्या जिल्ह्यात धान होतो, गिरण्या आहेत, तळी आहेत. तरी धान कापून झाला की किती घरांना कुलूप लागते आणि माणसे मजुरीसाठी नागपूर, हैदराबाद गाठतात, हे देवरी-सालेकशाच्या वाचकाला सांगायला नको. उपाशी माणसाला वेदान्त सांगू नये, हे साधुसंतांनीच आपल्याला शिकवले. गुन्हेगारी म्हणणाऱ्याचेही खरे आहे. जंगलालगतच्या गावांनी वर्षानुवर्षे दोन बंदुकांच्या मधे राहून संसार केला. रात्री दाराची कडी वाजली की कोण असेल, या विचाराने ज्याची छाती धडधडली आहे, त्याला भीती म्हणजे काय ते पुस्तकातून समजून घ्यावे लागत नाही.

तरीही माझा सिद्धांत असा आहे की खोटी निश्चिंती हे यांतले पहिले संकट आहे. गरिबी दिसते, गुन्हा दिसतो. दिसणाऱ्या दुखण्यावर माणूस औषध शोधतो. खोटी निश्चिंती दिसत नाही, उलट ती सुखाची वाटते. आणि उरलेली दोन्ही दुखणी तिच्याच आडोशाला वाढतात. हे माझ्या पदरचे नाही. आपल्याच परंपरेत त्याचा दृष्टांत आहे आणि तो आपण दर वारीला ओलांडून जातो.

पंढरीत महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. तिच्या समोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांचा अंत कसा झाला हे आपल्याला पाठ आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालले होते, वेठीला धरलेल्या मजुरांत चोखोबा होते, भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. साल १३३८. पुढे नामदेवराय तिथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरीला आणल्या. आम्ही कीर्तनकार अस्थींपाशी येतो, तेव्हा मंडपात डोळे पुसले जातात. मीही शेकडो वेळा पुसायला लावले आहेत.

पण भिंतीबद्दल आम्ही कधी बोललो नाही. गावकूस म्हणजे काय? गावाच्या रक्षणाची भिंत. चोर, दरोडेखोर, परचक्र बाहेर राहावे म्हणून उभी केलेली. ती बांधणारे कोण? ज्यांना त्या भिंतीच्या आत राहायची मुभा नव्हती ते. भिंत पूर्ण झाली असती तरी चोखोबा बाहेरच राहिले असते. आतल्यांना वाटत होते, आपण सुरक्षित होत आहोत. भिंत कच्ची आहे, घाईने चढवली जात आहे, खाली माणसे आहेत, हे पाहायला आतून कोणी आले नाही. गरिबी होती म्हणून वेठीला माणसे मिळाली. गुन्ह्याची भीती होती म्हणून भिंत हवी झाली. आणि माणसे मेली ती भिंत पडून. तिन्ही संकटे त्या एका ठिकाणी आहेत. घाव घातला तो तिसऱ्याने.

हे जुने झाले म्हणाल, तर जवळचे पाहा. किल्लारीचा भूकंप पुष्कळांना आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे चार वाजायच्या आत लातूर-धाराशिवकडची कितीतरी गावे जमीनदोस्त झाली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या काळच्या भूकंपाच्या नकाशात तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, इथे काही होत नाही, हे शहाण्यासुरत्यांचे मत होते. आदल्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे धक्के बसले होते, लोक घाबरलेही होते. मग ती भीती विरून गेली. घरे कसली होती? हातभर नव्हे, त्याहून जाड दगडमातीच्या भिंतींची. ऊन येऊ नये, चोर येऊ नये, पिढ्यान्‌पिढ्या टिकावे, म्हणून बांधलेली. तेच दगड झोपलेल्यांच्या अंगावर आले. शेजारी गवताच्या छपराखाली जो गरीब झोपला होता, तो पुष्कळदा वाचला.

आणि अगदी दारातले सांगतो. १९९९ च्या महाराष्ट्र दिनापर्यंत आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता, तेव्हा ते दुःख परक्याचे नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री दोनच्या सुमारास भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाला आग लागली. १० तान्ही लेकरे गेली, काही भाजून, काही धुराने गुदमरून. लगतच्या खोलीतली ७ वाचवता आली. त्या विभागाचे नाव काय? नवजात शिशू विशेष काळजी कक्ष. घरी धोका आहे, इथे नाही, म्हणून आयांनी काळजाचे तुकडे तिथे ठेवले होते. त्या आया बहुतेक गरिबाघरच्या. गरिबीने त्यांना त्या दारापर्यंत आणले, हे खरे. पण जीव घेतला तो "सरकारी दवाखाना आहे, कोणीतरी पाहत असेल" या समजुतीने. ही समजूत त्या आयांची नव्हे. त्यांच्यापुढे दुसरे दार नव्हते. समजूत आपली सर्वांची, आणि ज्यांच्या हाती कागद होते त्यांची.

पुढे काय झाले तेही पाहा. राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करा, असे आदेश निघाले. आपण वर्तमानपत्रात वाचले आणि पुन्हा निश्चिंत झालो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा पेटला. अतिदक्षता, हा शब्द नीट उच्चारून पाहा. दारावर अतिदक्षता लिहिले की आत दक्षता असतेच, असे आपण धरून चालतो. कपाळी बुक्का लावला की मनात वैराग्य असतेच, असे धरून चालतो तसेच.

आता कोणी म्हणेल, "महाराज, ही तर सरकारची चूक. आपल्या संप्रदायाचा यात काय संबंध?" संबंध आहे, आणि तो सांगायला मला माझीच चूक सांगावी लागेल.

आपल्याकडे मामा तलाव आहेत. नाव गमतीचे, अर्थ सरळ: माजी मालगुजारी. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत, आपल्या जिल्ह्यातच हजाराहून अधिक. कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी आणि त्यांच्यासोबत घाम गाळणाऱ्या सर्व जातींच्या माणसांनी ते बांधले. नवेगावबांध त्यांतलाच. मालगुजारीत वेठ होती, जुलूम होता, ती गेली हे चांगलेच झाले. कोणी मला त्या काळाचा भाट समजू नये. पण एक गोष्ट होती. पावसाच्या आधी पाळीवर माती पडे, तुडुम साफ होई, सांडव्याकडे नजर असे, कारण पाळ फुटली तर आपल्याच बांध्या जातील हे सगळ्यांना ठाऊक होते. १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. त्या दिवसापासून गावाच्या मनात एक वाक्य बसले: तलाव सरकारचा आहे, सरकार पाहील. गाळ भरला, बेशरम माजली, काठावर अतिक्रमण झाले. तरी आपण तळ्याकडे पाहून म्हणत राहिलो, आपल्याला पाण्याची चिंता नाही.

काही वर्षांपूर्वी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी श्रावणात सप्ताह होता आणि कीर्तन माझे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा ढिवर बाबा माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, पाळीतून पानी झिरपते जी. आज कीर्तनात दोन शब्द सांगा. लोकं घमेले घेऊन येतील, मातीची पोती टाकू." मी विचारले, "सरपंचांना सांगितले का?" तो म्हणाला, सांगितले, ते म्हणतात वर अर्ज दिला आहे. माझे त्या दिवशीचे निरूपण ठरलेले होते, शरणागतीचे. पाळ, पोती हा विषय मला त्यात बसेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "बाबा, पांडुरंग पाहून घेईल." आणि त्या दिवशी माझे कीर्तन फार रंगले.

पोळा झाल्यावर जोराचा पाऊस आला आणि एका रात्री पाळ फुटली. कोणी दगावले नाही, ही देवाची कृपा. पण रोवणी झालेल्या बांध्यांवर रेती चढली, ढिवरांची मासोळी वाहून गेली, पुढची दोन सालं गावाला उन्हाळी पाणी नव्हते. पुढच्या वर्षी मी त्याच गावी गेलो. म्हातारा आला, नेहमीसारखा पाया पडला आणि एवढेच बोलला, "मी तं सांगतलो होतो जी, महाराज." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आले असते.

त्या गावात गरिबी होती, पण घमेले आणि हात होते. चोरांनी पाळ फोडली नव्हती. सरपंच अर्जावर निश्चिंत होता, गाव सरपंचावर निश्चिंत होते, आणि त्या सगळ्या निश्चिंतीवर मी देवाच्या नावाचा शिक्का मारला. या शिक्क्याविषयीच माझे भांडण आहे, त्या तरुण महाराजांशी आणि त्याआधी माझ्याशी.

यावर सर्वांत कठीण आक्षेप येतो, तो टाळणार नाही. "मग श्रद्धा हीच खोटी निश्चिंती म्हणायची का? देवावर भार टाकू नये का?" टाकावा. अवश्य टाकावा. पण भार टाकणे वेगळे आणि काम टाकणे वेगळे. फळाची चिंता देवाकडे द्यायची असते, हातातले घमेले नव्हे. ज्याने देवाला सर्वस्व वाहिले त्याचे हात रिकामे होतात ते दुसऱ्याच्या कामी यावेत म्हणून. तसे झाले नाही तर ती शरणागती नाही, आळसाला घातलेला भगवा आहे.

तुकोबारायांकडे पाहा. घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या दुष्काळात गुरेढोरे गेली, घरातली माणसे गेली. त्यानंतर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली. धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला, बुडवली ती स्वतःच्या वाट्याची. नीट विचार करा: कर्जखत म्हणजे काय? सावकाराची निश्चिंती. पाऊस पडो न पडो, माझे येणे सुरक्षित आहे, असे सांगणारा कागद. तोच कागद कुळाच्या घरात गरिबी होऊन बसतो. तुकोबांनी आपली निश्चिंती बुडवली तेव्हा गरिबाच्या गळ्यातला फास सुटला. दामाजीपंतांचेही तेच. मंगळवेढ्यात कोठारे भरलेली होती, राज्य निश्चिंत होते आणि दाराशी माणसे भुकेने मरत होती. दामाजीपंतांनी कोठार उघडले ते स्वतःचे डोके धोक्यात घालून. विठू महाराच्या रूपाने देव धावला, पण कोठार उघडल्यानंतर धावला; बंद कोठारासमोर हात जोडून बसलेल्यासाठी नव्हे. आपल्याकडे खरेदी केंद्रावरचा धान उघड्यावर भिजून कोंब धरतो आणि त्याच गावात कोणाची चूल थंड असते, तेव्हा मला दामाजीपंत आठवतात. धान कमी आहे म्हणून ती चूल थंड नाही. धान "जमा" झाला, आता चिंता नाही, असे कागदावर लिहून झाले आहे, म्हणून थंड आहे.

गुन्ह्याचेही असेच. आपण दाराला लोखंडी जाळी लावतो, चौकात कॅमेरा लावतो. पण लेकीबाळींवर हात टाकणारा बहुधा जाळीच्या आतला, ओळखीचा, कधी नात्यातला असतो. "घरातच आहे, काळजी नाही" असे म्हणून आपण तिचे बोलणे ऐकत नाही. दामदुप्पट पैसा देतो म्हणून गावे लुबाडणारा रात्री कडी तोडून येत नाही. तो दिवसा येतो, ओट्यावर बसतो, रामकृष्ण हरी म्हणतो. आमच्या भागात असा एक येऊन गेला, त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळ पाहून लोकांनी पावती मागितली नाही. त्या फसवणुकीत त्याचा लोभ होता, पण माळ म्हणजे खात्री असे लोकांना शिकवणारे आम्हीच होतो.

आणि संप्रदायाची स्वतःची निश्चिंती? आमच्यात भेदाभेद नाही, असे आपण शतकानुशतके अभिमानाने सांगत आलो. तरीही चोखोबांच्या वारसांना विठ्ठलाच्या पायाशी जाता यावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. चोखोबांवर भिंत पडून सहाशे वर्षे झाली होती. आपण समतेचेच आहोत या खात्रीने आपल्याला तेवढी वर्षे झोपवून ठेवले.

माझ्या म्हणण्याचा अर्थ असा नाही की माणसाने सतत धास्तीत जगावे. धास्तावलेला माणूस आणखी उंच भिंत बांधतो. धास्ती आणि जागेपण यांत फरक आहे, आणि तो आपल्या संप्रदायाइतका कोणाला ठाऊक नसावा. आपण एकादशीला काय करतो? जागर. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाही. एक थकला की दुसरा गळ्यात घेतो, सात दिवस, सात रात्री. कोणासाठी? देव झोपेल म्हणून नव्हे. आपण झोपू म्हणून.

आणि वारीतली समाजआरती आठवा. माउलींच्या पालखीत मुक्कामाच्या ठिकाणी सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ-मृदंग एका क्षणात शांत होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही. तेवढे एक टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, काय झाले ते विचारतात, निवाडा होतो. कोणाचे काय हरवले, काय सापडले, ते पुकारले जाते. मग आरती. संतसज्जनहो, ही केवढी मोठी गोष्ट आहे! तक्रार असलेल्याने गप्प राहू नये आणि त्याचे ऐकल्यावाचून देवाची आरतीही होऊ नये, अशी व्यवस्था आपल्या वाडवडिलांनी लावून दिली. एखाद्या राष्ट्राला याहून चांगली शिस्त काय सांगणार?

तो ढिवर बाबा म्हणजे टाळ न थांबवणारी दिंडी होती. मी चोपदाराचे काम केले नाही.

म्हणून या वयात एकच मागणे आहे, आणि ते विशेषतः कीर्तनकार मंडळींकडे. येत्या सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी, हरिपाठ झाल्यावर घटकाभर टाळ खाली ठेवा आणि विचारा: गावात कोणाचा टाळ वाजतो आहे? पाळ कुठे झिरपते? शाळेची कोणती भिंत कलली आहे? दवाखान्यात आग विझवायचे नळकांडे आहे का, असल्यास त्याची मुदत कधी संपली? याच मंडपातल्या विजेच्या तारा उघड्या नाहीत ना? कोणाच्या घरी चूल थंड आहे, कोणती लेक काही सांगू पाहते आहे? जे हातून होण्यासारखे असेल ते काल्याच्या दिवशी दहीहंडीच्या आधी करा. जे होण्यासारखे नसेल त्याचा अर्ज लिहा, आणि अर्ज दिला म्हणून निश्चिंत होऊ नका. पुढच्या एकादशीला त्याचे काय झाले ते विचारा. गाडगेबाबा आधी गावातली घाण झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. आपण निदान आधी विचारू तरी.

त्या शिक्षक तरुणाला मी मंडपात उत्तर दिले नाही, ते आज देतो. बाळा, गरिबी मोठी आहे, गुन्हा मोठा आहे. पण ज्या देशाला झोप लागली आहे, त्याला यांतले एकही संकट दिसणार नाही. आधी जागे राहावे लागेल. आणि गळ्यातली माळ त्यासाठी आहे. ती अंगठ्याखालून सरकवताना माणूस जागा राहतो, एवढाच तिचा गुण. पाळ बुजवायची ती तिथे जाऊनच, मातीने.

पुढच्या वारीत चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवाल, तेव्हा त्या भिंतीचीही आठवण असू द्या. ती अजून कुठे कुठे उभी आहे, आणि खाली कोण काम करते आहे, हे पाहायला आपल्यातल्या कोणीतरी बाहेर गेले पाहिजे.

रामकृष्ण हरी.